मॅलॉकचं नल चेक आहे ना, मग ओव्हरफ्लोची कटकट कशाला?

धुळ्याचा_डीबगर:

नमस्कार मंडळी. इथे सी मध्ये हात काळे केलेले बरेच जण आहेत म्हणून धागा काढतोय. माझ्याकडे एक जुना कोडबेस आलाय, कारखान्यातल्या मशीनच्या स्क्रीनवर ड्रॉइंग दाखवायचा प्रोग्राम, सगळा सी मधला, लिहिणारा माणूस केव्हाच सोडून गेला. त्यात बीएमपी फाइल वाचायचं फंक्शन आहे. फाइलच्या हेडरमधून रुंदी आणि उंची दोन इंटमध्ये (पूर्णांक ठेवायचा सी मधला साधा प्रकार) घेतो आणि मग हे:

इंट आकार = रुंदी * उंची * ४;
पिक्सेल = मॅलॉक(आकार);
इफ (पिक्सेल == नल) रिटर्न -१;

बास. (नवख्यांसाठी, मॅलॉक म्हणजे मेमरी मागायचं फंक्शन, मिळाली नाही तर नल देतं.) पुढे एकेक ओळ वाचून पिक्सेलमध्ये ओतत जातो. मी रिव्ह्यूत लिहिलं की हा गुणाकार ओव्हरफ्लो होऊ शकतो, म्हणजे उत्तर इंटमध्ये न मावण्याइतकं मोठं येऊ शकतं. आमच्या सीनियरांचं म्हणणं असं की खाली नल चेक आहे, मेमरी मिळाली नाही तर परत फिरतोय, आणखी काय पाहिजे, आणि एवढी मोठी इमेज टाकणार तरी कोण. वर त्यांनी ३०००० बाय ३०००० ची फाइल बनवून दाखवली, प्रोग्रामने शहाण्यासारखं "फाइल उघडता आली नाही" सांगितलं. आता मी उगाच किस पाडतोय का खरंच काही आहे यात? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पॉइंटरपंत:

किस पाडत नाहीयेस. सीनियरांनी जी फाइल घेतली ना तीच नेमकी फसवी आहे, गणित मांडून बघ.

३०००० गुणिले ३०००० म्हणजे ९० कोटी, गुणिले ४ म्हणजे ३६० कोटी. ३२ बिटच्या इंटमध्ये जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतं, म्हणजे २१४ कोटींच्या थोडं वर. ३६० कोटी मावत नाही, मग बहुतेक मशीनवर ते गुंडाळलं जाऊन -६९४९६७२९६ होतं. हा उणे आकडा मॅलॉककडे गेला की तिथे त्याचं साइझ_टी (मेमरीची मापं ठेवायचा प्रकार) होतं, साइझ_टी ला उणे माहीत नाही, म्हणून तो अवाढव्य धन आकडा बनतो. तेवढी मेमरी कोणीच देणार नाही, नल आलं, चेक लागला, सगळे खूश.

आता ४०००० बाय ३०००० घे. गुणाकार ४८० कोटी. तो गुंडाळला की उरतात ५०५०३२७०४, चांगला धन आकडा, साधारण ५० कोटी बाइट. मॅलॉक ते आनंदाने देतो. नल नाही. आणि खालचा लूप त्यात ४८० कोटी बाइट ओतायला निघतो.

त्याहून वाईट पाहिजे असेल तर रुंदी ६५५३६ आणि उंची १६३८५. गुंडाळल्यावर उरतात २६२१४४ बाइट, म्हणजे बरोब्बर एका ओळीची जागा, आणि ओळी आहेत १६३८५. उंची एकने कमी केलीस, १६३८४, तर गुणाकार नेमका २ चा ३२ वा घात आणि उरतं शून्य. मॅलॉक(०) ला स्टँडर्डने दोन्ही मुभा दिल्यात, नल दे किंवा फ्री करता येईल असा एक वेगळा पॉइंटर (मेमरीचा पत्ता) दे. लिनक्सवरची सी लायब्ररी जीलिबसी पॉइंटर देते. म्हणजे परत नल चेक पास.

मॅलॉकने यात काहीच चूक केलेली नाही, मागितलं तेवढं दिलंय. मागणाऱ्यालाच कळलं नाही आपण किती मागितलं. त्यामुळे खालचं नल चेक या बाबतीत निरुपयोगी आहे, ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

सेगफॉल्ट_शेठ:

पंत _/\_ वाखुसा (वाचनखूण साठवली)

आणि "एवढी मोठी इमेज कोण टाकेल" याचं उत्तर, मोठी इमेज लागतच नाही. हेक्स एडिटर (फाइलचे बाइट थेट बदलता येतात तो) उघडा, कुठलीही फालतू बीएमपी घ्या, बाइट क्रमांक १८ पासून चार बाइट रुंदीचे आणि २२ पासून चार उंचीचे. तिथे ०० ०० ०१ ०० आणि ०१ ४० ०० ०० टाका (उलट्या क्रमाने असतात ते). फाइल आहे तेवढीच राहते, काही केबी. पेन ड्राइव्हवर घालून सीनियरांच्या टेबलावर ठेवा खिक्

धुळ्याचा_डीबगर:

शेठ, केलं. ०१ ४० वालीने लगेच आडवा झाला, सेगमेंटेशन फॉल्ट. सीनियर म्हणतात क्रॅशच झाला ना, मशीनची स्क्रीन रीस्टार्ट करू, त्यात काय एवढं. असं खऱ्या जगात कुठे महागात पडलंय का, म्हणजे नावानिशी सांगता येईल असं? मी हार्टब्लीड सांगितलं त्यांना.

कोथरूडची_कंपायलर:

हार्टब्लीड सांगू नको रे, ते तुझ्या मुद्द्याला लागू नाही. २०१४ चा तो घोळ ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत होता, पण तिथे गुणाकार बिणाकार काही चुकला नव्हता. समोरच्याने पाकिटात लिहिलेली लांबी खरी मानली आणि तेवढे बाइट परत पाठवले, पाकीट खरं किती मोठं आहे ते पाहिलंच नाही. वाचताना हद्द ओलांडली. चुलत भाऊ आहे फार तर. सीनियरांनी पकडलं तर मूळ मुद्दाही जाईल.

तुला हवंय ते २००२ चं ओपनएसएसएच, लांबच्या मशीनवर लॉगिन करायचा प्रोग्राम. लॉगिनच्या वेळी सर्व्हर प्रश्न विचारतो, क्लायंट किती उत्तरं देणार तो आकडा आधी पाठवतो, सर्व्हर त्या आकड्याला पॉइंटरच्या साइझने गुणून मेमरी घ्यायचा. ३२ बिट मशीनवर पॉइंटर ४ बाइटचा. आकडा १०७३७४१८२५ पाठवा, गुणिले ४, गुंडाळून उरले ४ बाइट. मग पुढे उत्तरं लिहीत सुटला. लॉगिन व्हायच्या आधीच, पासवर्ड बिसवर्ड काही लागत नाही. ३.४ आवृत्तीत दुरुस्त केलं. आणि हे ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या लोकांचं, जे सुरक्षिततेच्या बाबतीत जगातले सगळ्यात खडूस लोक समजले जातात.

तुझ्या केसच्या जवळचं म्हणजे २०१५ चं स्टेजफ्राइट, अँड्रॉइडमध्ये. एमपी४ फाइलच्या आतल्या तक्त्यांमध्ये किती नोंदी आहेत तो आकडा फाइलच सांगते, त्याला ३२ बिटमध्ये गुणलं, मेमरी कमी घेतली. एमएमएसने आलेला व्हिडिओ फोन आपला आपणच वाचायला घ्यायचा, उघडायचीसुद्धा गरज नाही. तुझ्या बीएमपीचंच मोठं भावंड.

"क्रॅशच झाला ना" बद्दल: तुझ्या फाइलमध्ये पिक्सेलच्या जागी काय बाइट आहेत ते फाइल बनवणारा ठरवतो. म्हणजे मेमरीत हद्दीपलीकडे काय लिहिलं जाणार ते तो ठरवतो. क्रॅश हा त्यातला नशीबवान प्रकार.

जुनं_खोड:

सगळं मान्य पण मी जरा दुसऱ्या बाजूने बोलतो, कोणीतरी बोलायला हवं. कारखान्यातली मशीन, नेटला जोडलेली नाही, ड्रॉइंग त्यांच्याच डिझाइन खात्यातून येतात. प्रत्येक गुणाकाराला चेक लावत बसलात तर कोड वाचता येणार नाही. आम्ही डॉसच्या काळात असले चेक न लावता कोड लिहिला आणि तो अजून चालतोय.

पॉइंटरपंत:

खोडसाहेब, आदर आहे, पण "इथवर कोण पोचणार" या युक्तिवादाचं काय होतं त्याची एक गोष्ट सांगतो, मोठी आहे, चहा घेऊन बसा.

क्यूमेल नावाचा मेल सर्व्हर, डॅनियल बर्नस्टीन यांनी लिहिलेला. माणूस गणितज्ञ, कोड इतका काटेकोर की सुरक्षेचं भोक दाखवा आणि ५०० डॉलर घेऊन जा असं त्यांनी १९९७ मध्येच जाहीर केलेलं. त्यात स्ट्रिंग वाढवायचं एक फंक्शन आहे. आत्ताची लांबी अधिक हवी असलेली जागा अशी बेरीज, मग त्यात वर अष्टमांश जास्तीची जागा (वारंवार वाढवायला लागू नये म्हणून), मग एका घटकाच्या साइझने गुणाकार. सगळं अनसाइन्ड इंटमध्ये (उणे आकडे नसलेला इंट), म्हणजे ३२ बिट. ३२ बिट मशीनवर चार जीबीची स्ट्रिंग बनूच शकत नाही, मेमरीच संपते, त्यामुळे तिथे ते सुरक्षित.

मग ६४ बिट मशीन आली. इंट ३२ चाच राहिला, मेमरी मात्र वाढली. २००५ मध्ये गिओर्गी गुनिन्स्की या सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं की भरपूर मेमरी असेल तर ही बेरीज गुंडाळते. बर्नस्टीन यांचं म्हणणं पडलं की क्यूमेलच्या मेल घेणाऱ्या प्रोसेसला कोणी गिगाबाइट्समध्ये मेमरी देत नाही, मर्यादा घालूनच चालवतात, त्यामुळे हा प्रश्नच नाही. बक्षीस दिलं नाही. आणि गंमत म्हणजे त्या प्रोसेसपुरतं ते खरंही होतं!

पंधरा वर्षं हे असंच राहिलं. २०२० मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी परत बघितलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मर्यादा असते ती मेल आत घेणाऱ्या प्रोसेसला, पण आत घेतलेला मेल पेटीत टाकणारी प्रोसेस वेगळी आहे, आणि तिला डीफॉल्टने मर्यादाच नाही. डेबियन लिनक्सच्या पॅकेजवर त्यांनी ते लांबून फोडून दाखवलं. कोड तोच, ओळ तीच. "इथवर कोण पोचणार" हे गृहीतक कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं, ते एका सेटिंगमध्ये होतं, आणि ती सेटिंग एका दारावर होती, दुसऱ्यावर नव्हती.

तुमची मशीन आज नेटला नाही. उद्या कोणीतरी ड्रॉइंग नेटवर्कवरून थेट यावीत म्हणून केबल लावेल, त्या दिवशी हे फंक्शन कोणी उघडून बघणार आहे का?

जुनं_खोड:

गोष्ट चांगली सांगितलीत. तरी प्रत्येक गुणाकाराला चेक नको हे माझं म्हणणं कायम आहे.

सेगफॉल्ट_शेठ:

+१ खोडकाकांना. चेक लावायचा तिथेच लावा पण जिथे लावाल तिथे नीट लावा, अर्धे लोक चेक म्हणून काय लिहितात ते बघितलं तर रडू येतं.

धुळ्याचा_डीबगर:

शेठ, हे माझ्यावरच आलं बहुतेक :) मी आत्ता असं करायच्या बेतात होतो:

इंट आकार = रुंदी * उंची * ४;
इफ (आकार < ०) रिटर्न -१;

कोथरूडची_कंपायलर:

थांब थांब थांब.

पहिली गोष्ट, ४०००० बाय ३०००० ला आकार धनच येतो हे पंतांनी वर दाखवलंय, म्हणजे चेक हुकलाच. दुसरी गोष्ट जास्त घातक. साइन्ड इंट (उणे आकडेही ठेवणारा, तुझा साधा इंट) ओव्हरफ्लो झाला की काय होतं हे सी स्टँडर्ड सांगतच नाही, अनडिफाइन्ड बिहेव्हियर आहे. "गुंडाळतं" हे आपण मशीनकडे बघून म्हणतो, कंपायलरला ते बंधनकारक नाही. कंपायलर असा विचार करतो की साइन्ड ओव्हरफ्लो कधी होतच नाही. मग त्याला आधीच्या ओळींवरून रुंदी आणि उंची धन आहेत एवढं कळलं, की दोन धन आकड्यांचा गुणाकार उणे कसा येईल, आणि तुझा अख्खा इफ काढून टाकायची त्याला मुभा आहे. वॉर्निंगसुद्धा येईलच असं नाही. डीबग बिल्डमध्ये चेक चालतो, रिलीजमध्ये ओ२ (कोड वेगवान करायचा पर्याय) लावलं की गायब.

ही ऐकीव गोष्ट नाही. २००७ मध्ये जीसीसी या कंपायलरच्या बगझिलावर (बग नोंदवायच्या साइटवर) यावर मोठं रणकंदन झालंय, एका माणसाचं म्हणणं की "क अधिक १०० हे क पेक्षा मोठं" असं असर्ट (अट खोटी ठरली की प्रोग्राम थांबवणारी ओळ) मी ओव्हरफ्लो पकडायला लिहिलं आणि तुम्ही ते पुसून टाकलंत. जीसीसीवाल्यांचं उत्तर, स्टँडर्ड वाचा. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या असं माझं मत. लिनक्स कर्नल म्हणूनच साइन्ड ओव्हरफ्लो गुंडाळलाच पाहिजे असा वेगळा फ्लॅग देऊन कंपाइल होतो.

अनसाइन्डला हा त्रास नाही, तिथे गुंडाळणं स्टँडर्डमध्येच लिहिलंय. पण तिथेही एक खोच आहे. १६ बिटचे दोन अनसाइन्ड घेतलेस आणि गुणलेस तर सी आधी त्यांना इंट करतो, साइन्ड इंट! ६५५३५ गुणिले ६५५३५ इंटमध्ये मावत नाही, म्हणजे दोन्ही अनसाइन्ड असून परत अनडिफाइन्ड. इंटरव्ह्यूला विचारायला छान प्रश्न आहे, उत्तर येणारे थोडेच भेटतात.

तेव्हा गुणाकार करून मग बघायचं नाही. आधी बघायचं, मग गुणायचं. भागाकाराने:

इफ (उंची != ० && रुंदी > साइझ_मॅक्स / उंची) मावत नाही;

दोन्ही साइझ_टी मध्ये असताना हे. साइझ_मॅक्स म्हणजे साइझ_टी मध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा.

धुळ्याचा_डीबगर:

ताई, मस्त समजलं. मग नुसतं साइझ_टी आकार = रुंदी * उंची * ४ केलं तर? मशीन ६४ बिट आहे.

पॉइंटरपंत:

नाही. उजवीकडचा गुणाकार इंटमध्येच होतो, व्हायचं ते नुकसान होऊन जातं आणि मग ते साइझ_टी मध्ये जातं. डावीकडे काय आहे ते उजवीकडे बघत नाही. पहिल्या आकड्यालाच कास्ट (प्रकार बदलायची खूण) लावायचा, (साइझ_टी)रुंदी * उंची * ४, मग पुढचे सगळे त्याच्यामागे रुंद होतात. आणि सगळ्याला मिळून कंस घालून बाहेरून कास्ट लावणारे पण पाहिलेत, (साइझ_टी)(रुंदी * उंची * ४), तो नुसता शोभेचा.

६४ बिटमध्ये दोन धन इंट आणि ४ यांचा गुणाकार मावतो, अगदी काठावर. रुंदी उंची ३२ बिट अनसाइन्ड असत्या किंवा पिक्सेल ८ बाइटचा असता तर ६४ बिटसुद्धा पुरत नाहीत. त्यामुळे "६४ बिट आहे, टेन्शन नाही" हे वाक्य जपून वापरा.

निवांत_नारळ:

उशिरा आलो, बोटीवर होतो. एम्बेडेडवाल्यांची (यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या चिपवर काम करणाऱ्यांची) बाजू मांडतो.

आमच्याकडे आठ बिटचे एव्हीआर चिप असतात, आर्डुइनो उनोवर असतो तो. तिथे इंटच १६ बिटचा. २०० गुणिले २०० म्हणजे ४०००० आणि इंटमध्ये मावतात ३२७६७. रॅम सगळी मिळून २ केबी. तिथे ओव्हरफ्लो व्हायला कोणी हॅकर लागत नाही, रोजच्या हिशोबात होतो.

पण मला सांगायचं होतं ते वेगळं. तुम्ही सगळे धरून चाललात की मॅलॉक स्वतः बरोबर आहे. एप्रिल २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी बॅडॲलॉक नावाने एक गठ्ठा बाहेर काढला, २५ च्या वर भोकं, बऱ्याच आरटीओएसमध्ये (असल्या चिपवरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये) आणि एम्बेडेड सी लायब्ररींमध्ये. फ्रीआरटीओएस होतं, न्यूलिब होती, नंतर ब्लॅकबेरीचं क्यूएनएक्स पण निघालं. आणि भोक कुठे, तर खुद्द मॅलॉक आणि कॅलॉकच्या पोटात.

होतं असं की तुम्ही मागितलेल्या मेमरीच्या पुढे ॲलोकेटर स्वतःची चिठ्ठी ठेवतो, हा तुकडा केवढा, पुढचा मोकळा तुकडा कुठे. म्हणजे आत मागणी अधिक हेडरची साइझ अशी बेरीज होते, वर आठच्या पटीत वर ढकललं जातं. मागणीच साइझ_मॅक्सच्या जवळ असेल तर ही बेरीज गुंडाळून दहा वीस बाइट होतात. तुम्ही सभ्यपणे प्रचंड मागणी केली, नल यायला हवं होतं, मिळाला छोटा तुकडा. नल चेक परत पास!

तेव्हा सीनियरांना सांग की त्यांचं नल चेक ज्या मॅलॉकच्या भरवशावर आहे त्या मॅलॉकची आवृत्ती कोणती ते पण बघा. फ्रीआरटीओएसने ते दुरुस्त केलंय पण कारखान्यातल्या मशीनमध्ये जुनी आवृत्ती बसलेली असते ती कोण बदलणार.

जुनं_खोड:

आणि म्हणूनच गाडी विमानवाले मिस्रा सी मध्ये (सुरक्षित सी लिहायच्या त्यांच्या नियमांत) मॅलॉकच नको म्हणतात. सगळी मेमरी सुरुवातीला ठरवा, मागणं नाही आणि नाकारणं नाही. नारळ, बरोबर ना?

निवांत_नारळ:

बरोबर खोडकाका. पण बफर स्थिर केला तरी त्यात किती भरायचं हा हिशोब राहतोच, तो चुकला तर तेच.

रस्टप्रेमी_२४:

२०२६ उजाडायच्या आधीपासून सांगतोय, रस्ट भाषा वापरा आणि सुखी व्हा.

सेगफॉल्ट_शेठ:

आले! मी वाटच बघत होतो.

कोथरूडची_कंपायलर:

रस्टप्रेमी, रस्ट मला आवडते पण नीट सांगा. रिलीज बिल्डमध्ये रस्टसुद्धा डीफॉल्टने ओव्हरफ्लो गुंडाळूनच टाकते, पॅनिक होते (थांबते) ती डीबगमध्ये. तुम्ही वाचता ते नंतरच्या पायरीवर, हद्दीबाहेर लिहायला गेलात की तिथे अडवते म्हणून. हिशोब चुकीचा तो चुकीचाच. आणि याच्या कारखान्यातला कोड काही तो उद्या रस्टमध्ये लिहिणार नाही, तेव्हा अवांतर पुरे.

धागाकर्त्यासाठी, हाताने भागाकार लिहीत बसायची गरज नाही, तयार गोष्टी आहेत:

शून्याने भरलेली चालत असेल तर कॅलॉक(संख्या, साइझ). दोन आकडे वेगळे द्यायचे, आत गुणाकार तो तपासतो. (२००२ पर्यंत कित्येक लायब्ररींचे कॅलॉकपण तपासत नव्हते, जीलिबसी धरून, तेव्हा बोंब झाली मग सुधारले. नारळ म्हणतात तसं एम्बेडेडवाले त्यानंतरही झोपलेलेच.) पण कॅलॉक(१, रुंदी * उंची * ४) लिहिणारे महाभाग मी पाहिलेत, तपासणारा आत बसलाय आणि ह्यांनी बाहेरच गुणून आणलं.

वाढवायचं असेल तर रिॲलॉकॲरे. ओपनबीएसडीने २०१४ मध्ये आणलं, जीलिबसीत २.२६ पासून आहे, आता पॉझिक्स या युनिक्सच्या स्टँडर्डच्या २०२४ च्या आवृत्तीतही आलंय. त्यातली युक्ती मला फार आवडते. दोन्ही आकडे साइझ_टी च्या निम्म्या बिटांत मावत असतील, म्हणजे ६४ बिटवर दोन्ही २ च्या ३२ व्या घाताच्या खाली, तर गुणाकार मावणारच, भागाकार करायचाच नाही. एखादा मोठा निघाला तरच भागाकार. भागाकार महाग असतो ना, म्हणून. रोजच्या वापरात तो जवळपास कधीच होत नाही, त्यामुळे "चेकने स्पीड जाते" ही तक्रारही मिटते.

आणि नुसता हिशोब तपासायचा असेल तर जीसीसी ५ पासून आणि क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्ये बिल्टिन_मल_ओव्हरफ्लो. दोन आकडे द्या, उत्तर ठेवायला पॉइंटर द्या, मावलं नाही तर खरं परत करतो. सी२३ ने हेच सीकेडी_मल, सीकेडी_ॲड, सीकेडी_सब नावाने स्टँडर्डमध्ये घेतलं, पण ते हेडर जीसीसीत १४ पासून आहे, उबुंटू २४.०४ वर मूळचा जीसीसी १३ येतो. तोवर बिल्टिनच वापर.

विंडोजवाले_बापू:

मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला ते बिल्टिन नाही हो. तिथे इंटसेफ हेडरमधलं साइझटीमल्ट वापरायचं, काम तेच.

निवांत_नारळ:

रिॲलॉकचा विषय निघालाच आहे तर, पी = रिॲलॉक(पी, नवीन) असं लिहू नका कृपया. नल आलं की जुना पॉइंटर पण गेला, मेमरी लीक. आधी टेंपमध्ये घ्या. आणि रिॲलॉकला शून्य साइझ देऊन फ्री करायची सवय असेल तर सोडा, सी२३ ने ते अनडिफाइन्ड केलंय.

सेगफॉल्ट_शेठ:

लिनक्सवर तर मॅलॉक नल देतच नाही सहसा, हे कोणी बोललं कसं नाही अजून? ओव्हरकमिट. मागा दहा जीबी, हो म्हणतो, मेमरीची पानं तेव्हाच देतो जेव्हा तुम्ही तिथे लिहायला जाल. मेमरी खरंच संपली की ओओएम किलर येऊन कोणाला तरी उडवतो, तुमची नाहीतर शेजारची प्रोसेस. त्यामुळे खरी ३०००० बाय ३०००० ची इमेज, नीट साइझ_टी लावून मागितली तर ३.६ जीबी मिळतीलही आणि मग भरता भरता मशीनच्या स्क्रीनचा प्रोग्राम मरेल.

पॉइंटरपंत:

शेठने न कळत मुद्द्याला हात घातला. ओव्हरफ्लो चेक केला म्हणजे आकडा खरा आहे एवढंच कळतं, परवडणारा आहे का ते नाही. म्हणून खोडसाहेबांचं "प्रत्येक गुणाकाराला चेक नको" मला पटतं, पण वेगळ्या कारणाने. आकडा बाहेरून आत येतो त्याच उंबऱ्यावर त्याला अडवायचं. तुझ्या स्क्रीनवर ड्रॉइंग केवढं असू शकतं? ८१९२ बाय ८१९२ पेक्षा मोठं दाखवायचंच नाही असं ठरव, चार बाइटने ते २५६ एमबी होतं, मशीन सोसेल. त्याच्या वरचं काही आलं तर हेडर वाचल्या वाचल्या परत पाठव, मॅलॉकपर्यंत जाऊच देऊ नको.

दुसरं, फाइलची लांबी तुझ्या हातात आहे. विनाकॉम्प्रेशन बीएमपी असेल तर पिक्सेलचे बाइट फाइलच्या लांबीत मावलेच पाहिजेत. काही केबीची फाइल १६३८५ ओळींचा दावा करते तर ती खोटी आहे, वेगळं काही तपासायला नको. आरएलई कॉम्प्रेशनवाल्या बीएमपींना हे लागू होत नाही, त्या वापरात नसतील तर सरळ नाकार.

ओळीचा हिशोब पण बघून घे. बीएमपीत प्रत्येक ओळ चारच्या पटीत भरलेली असते, म्हणून रुंदी गुणिले एका पिक्सेलचे बिट अधिक ३१, भागिले ३२, गुणिले ४ असं सूत्र लिहितात. त्यातला "अधिक ३१" सुद्धा गुंडाळू शकतो. लोकांचं लक्ष गुणाकाराकडे असतं, बेरीज निसटते. मॅलॉक(लांबी + १) मध्ये लांबी नेटवरून ३२ बिटमध्ये आली आणि ती ४२९४९६७२९५ असली, बेरीजही ३२ बिटमध्येच झाली, की शून्य!

धुळ्याचा_डीबगर:

सगळ्यांचे आभार, सीनियर आता निदान फाइल बघून गप्प झालेत. असा केलाय बदल:

इफ (उंची < ०) उंची = -उंची;
इफ (रुंदी <= ० || रुंदी > कमाल || उंची == ० || उंची > कमाल) रिटर्न -१;
इफ (बिल्टिन_मल_ओव्हरफ्लो((साइझ_टी)रुंदी, ४, &ओळ)) रिटर्न -१;
इफ (बिल्टिन_मल_ओव्हरफ्लो(ओळ, (साइझ_टी)उंची, &आकार)) रिटर्न -१;
इफ (आकार > फाइल_लांबी - पिक्सेल_ऑफसेट) रिटर्न -१;

कमाल ८१९२. उणे उंची म्हणजे इमेज वरून खाली साठवलेली, म्हणून पहिली ओळ. सॅनिटायझर (चालताना असल्या चुका पकडणारं साधन) लावून (ॲड्रेस आणि अनडिफाइन्ड दोन्ही) शेठच्या फाइली चालवल्या, जुन्या कोडवर "साइन्ड इंटिजर ओव्हरफ्लो" असं ओळ नंबरसकट ओरडतो, नव्यावर शांत.

कोथरूडची_कंपायलर:

शांत कारण उंचीत -२१४७४८३६४८ टाकून बघितलं नाहीस :) इंटमध्ये त्याचं धन रूपच नाही, म्हणजे पहिल्या ओळीतलं -उंची हाच ओव्हरफ्लो. आधी इफ (उंची < -कमाल) परत, मग चिन्ह बदल.

आणि शेवटच्या ओळीत ऑफसेट पण फाइलमधूनच येतो ना? तो लांबीपेक्षा मोठा असला तर वजाबाकी गुंडाळून अवाढव्य होते आणि चेक सगळ्यांना आत सोडतो. आधी ऑफसेट <= लांबी बघ.

जुनं_खोड:

कमाल ८१९२ असताना ते दोन बिल्टिन कशाला? मावणारच आहे.

पॉइंटरपंत:

आज मावणार आहे. उद्या कोणी कमाल वाढवली की? बिल्टिन नको असतील तर काढा, पण मग त्याऐवजी स्टॅटिक_असर्ट(कमाल <= साइझ_मॅक्स / ४ / कमाल) अशी एक ओळ कमालच्या व्याख्येखाली टाका. सी११ पासून आहे. कंपाइल करतानाच अडेल, चालताना खर्च शून्य.

जुनं_खोड:

हे आवडलं. साधं असर्ट नको मात्र, ते रिलीजमध्ये एनडीबग (असर्ट बंद करायचं सेटिंग) लावलं की उडून जातं.

धुळ्याचा_डीबगर:

दोन्ही ठेवतो, बिल्टिन पण आणि स्टॅटिक_असर्ट पण. ताई, उणे उंची आणि ऑफसेट दोन्ही दुरुस्त केले, -२१४७४८३६४८ ची फाइल टेस्टमध्ये कायमची टाकली. आता याच कोडबेसमध्ये टिफ (इमेजचा आणखी एक प्रकार) वाचणारं फंक्शन आहे, ते उघडलंय, त्यात रिॲलॉक लूपमध्ये आहे आणि क्षमता * २ इंटमध्ये. वेगळा धागा काढू का इथेच?

सेगफॉल्ट_शेठ:

वेगळा काढ बाबा. टिफ आहे ते.